टँकर मंडळाचं बाशिंग

कर्जत,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. उझमास,
चांगोनानाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तू कोल्हापूरला गेलीस त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो. पण तुळशीचं लग्न लागलं आणि दुकानात बाशिंगं, मुंडावळ्या, अंतरपाट ह्यांची गर्दी सुरू झाली. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. दोन वेळा लिहून फाडलं. सातवी शिकलेल्या माणसानं प्रेसमध्ये काम करणाऱ्या मुलीला पत्र लिहायचं म्हणजे एकेक वेलांटी दोनदा तपासतो. चुका दिसल्या तर त्या तुझ्या तुझ्यात दुरुस्त करून घे.

पत्ता आपल्या मंडळातल्या नदीमने दिला. 'प्रिंटिंग प्रेसच्या वर, दुसरा जिना' एवढाच आहे. कोल्हापुरात अशा किती प्रेस असतील कोण जाणे. हे पत्र दुसऱ्या कोणा उझमाला मिळालं असेल तर तिनं कृपा करून पुढं वाचू नये.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, पण तू उचलत नाहीस. गोष्ट वाचणाऱ्यांच्या आपल्या व्हॉट्सअॅप मंडळातूनही तू बाहेर पडलीस. सकाळी उठून मी मोबाइल उघडतो तर 'टँकर मंडळ' असं नाव दिसतं आणि त्यात कोणी काही बोलत नाही. मी सवयीनं शुभ सकाळचं फूल पाठवलं. एरवी तू लगेच ओरडली असतीस, 'नाना, मंडळात फुलं टाकायची नाहीत, नियम वाचा.' आता कोणी ओरडलंसुद्धा नाही. मला ते बरं वाटलं नाही.

तुझ्या झेरॉक्सच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी तिकडं बघत नाही. त्या पावसाळ्यात तुझ्या मशीनमध्ये कागद अडकला, तू तो चुरगळलेला कागद मला पुड्या बांधायला दिलास, आणि त्यावर मीनलचा टँकर घाटात बंद पडलेला आणि कस्तुरीबाई छत्री घेऊन रस्त्यावर उभी, एवढंच होतं. मी मोती पुडीत बांधता बांधता वाचलं आणि तसाच उठून तुझ्याकडे आलो, 'पुढं काय झालं?' तू म्हणालीस, 'नाना, ही दोन बायकांच्या प्रेमाची गोष्ट आहे, तुम्हाला चालेल का?' मी म्हणालो, 'ते राहू दे, टँकर चालू झाला का?' तेव्हापासून मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या ह्या 'खारं पाणी, गोडं पाणी'चा एकही भाग मी सोडलेला नाही. तू मोठ्या अक्षरात छापून द्यायचीस म्हणून.

मला ती गोष्ट का आवडते हे तू एकदा विचारलं होतंस आणि मी काहीतरी थातूरमातूर बोललो. खरं असं आहे की माझा धंदा लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंतचा. बाशिंग विकलं की माझं काम संपतं. माणसं पुढं एकमेकांशी कशी वागतात, ते मला कधी कळत नाही. मीनल आणि कस्तुरी भांडतात, रुसतात, आणि पाण्याची पाळी नसतानाही टँकर कस्तुरीच्या शाळेपाशी थांबतो. ते वाचताना मला आमच्या हिची आठवण येते. ती गेल्यापासून माझ्यावर रुसणारं कोणी नव्हतं. आता तू आहेस.

तर मूळ मुद्दा. प्रियाच्या गच्चीवर जे झालं त्यात माझं एवढंच म्हणणं आहे की बाशिंगाचा जोड असतो. एक नवऱ्याचं, उंच. एक नवरीचं, बुटकं, मोत्यांच्या लडी सोडलेलं. आमच्या बापाच्या वेळेपासून दोन साचे आहेत आणि एकावर एक ठेवूनच पुठ्ठा कापतो. लग्नाचा भाग यायचा म्हणून मंडळानं समारंभ ठरवला, तू मीनल-कस्तुरीच्या कापडी बाहुल्या केल्यास, नदीमने लोकरीचा टँकर विणला, प्रियाने रुमालावर विहीर भरली. मी माझ्याकडे होतं ते केलं. उंच बाशिंग मीनलच्या बाहुलीला बांधलं. टँकर चालवते म्हणून. ह्यात एवढं रागवण्यासारखं काय होतं?

तुझी धाकटी बहीण आयशा फोनवर शूटिंग करत होती, सगळे हसत होते. आणि तू जिन्यात मला म्हणालीस, 'नाना, तुम्ही पण?' एवढंच बोललीस. त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

जेवण वेळेवर घेत जा. कोल्हापूरचं तिखट तुला सोसतं का? कळव.

तुझा,
चांगोनाना

*

कर्जत,
९ डिसेंबर २०२४

चि. उझमास आशीर्वाद.

मागचं पत्र मिळालं असेल, किंवा नसेल. मिळालं असेल आणि उत्तर आलं नसेल तर एक दुःख, मिळालंच नसेल तर दुसरं. म्हणून ह्या वेळी पाकिटाच्या मागे माझा पत्ता लिहिला आहे, निदान परत तरी येईल.

काल नदीम खोपोलीहून आला होता. रात्रपाळी संपवून सरळ दुकानात. मी मुंडावळ्या ओवत होतो, तो शेजारी बसून त्याचं विणकाम काढून बसला. त्याच्या कंपनीत आता सगळ्यांना कळलंय. फिटर लोक म्हणतात, 'नदीम, आमाला पण एक टोपी विण रं.' तो म्हणतो, 'माप दे, बोनस दे, विणतो.' मी हसलो. मग सुया खाली ठेवून तो म्हणाला, 'नाना, उझमा आणि प्रिया बोलत नाहीत.'

मला वाटलं तू एकट्या माझ्यावरच रागावली आहेस. आजवर मी तेच धरून चाललो होतो आणि तेच सोयीचं होतं.

म्हणून मागच्या पत्रात जे गाळलं ते लिहितो. मी बाहुल्यांपाशी थांबलो नव्हतो. कोणीतरी म्हणालं, 'मग आपल्या मंडळात पण ठरलं, प्रिया नवरा आणि उझमा नवरी.' सगळे हसले. मला वाटलं, माझ्या बाशिंगाचं कौतुकच चाललंय. मी प्रियापाशी गेलो आणि तिच्या कपाळाला बोटं लावली, चार बोटं आणि वर अर्धं, आणि मोठ्यानं म्हणालो, 'हिला नवऱ्याचंच बसेल!' दुकानात कोणी आलं की मी हेच करतो, हात आपसूक जातो. प्रियाचं तोंड उतरलेलं मी बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं आणि फरसाण खाल्लं.

आणखी एक. तुम्हा दोघींचं मला ठाऊक होतं. तू सांगितलं नव्हतंस, पण तुझ्या गाळ्यात येऊन ती तुझ्याच कपातला अर्धा चहा प्यायची आणि कप तुझ्यापुढे सरकवायची, तो सरकवायचा प्रकार चहाचा नव्हता. मला चष्मा आहे, पण त्यातून दिसतं. मी कोणाला बोललो नाही, बोलणारही नाही. हे वाक्य वाचून झालं की हे पान फाडून टाक. नको, फाडू नकोस, तुकडे कोणी जोडले तर? जवळच ठेव.

माझ्यामुळे तुमचं तुटलं असेल तर हे दुकान उघडायला माझा हात उचलणार नाही. तुम्हा दोघींमधलं मला काही सांगू नकोस. फक्त एवढं सांग की मी तोडलं की नाही.

चांगोनाना

*

कर्जत,
२८ डिसेंबर २०२४

चि. उझमास आशीर्वाद.

वनिताच्या मोबाइलवर तुझा निरोप आला! 'नानांना सांगा, दोन्ही पत्रं मिळाली.' आमच्या सूनबाईंनी तो मला चार वेळा वाचून दाखवला, कारण मी चार वेळा विचारलं. मग ती म्हणाली, 'अहो मामंजी, तेवढंच आहे, मी काय त्यात भर घालू?'

पत्रं मिळाली, हे चांगलं झालं. तुला बरी वाटली की वाईट, ते काही त्यात नाही. 'सांगा' असं आहे, म्हणजे मला कळावं अशी इच्छा आहे. पण 'उत्तर देते' असं नाही. किशोर म्हणतो, बाबा, तुम्ही एका ओळीत एवढं शोधता, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. त्याचं तसंच आहे.

वनिताची एक गंमत लिहितो. तू गेल्यापासून जुने भाग तीच मला वाचून दाखवते. पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं, 'काय हे मामंजी, दोन बायांचं! ह्या वयात?' मी म्हटलं, 'माझ्या वयाचं काय ते मी बघतो, तू वाच.' परवा भात करपला. मी ओरडलो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, 'थांबा हो, कस्तुरी भावाला काय सांगते ते बघू द्या!' आता ती पुढचं स्वतःच वाचून टाकते आणि मला सांगत नाही, वर खुनशी हसते. लग्नाचा भाग मात्र मी तिला उघडू दिलेला नाही. तो त्या दिवशी गच्चीवर तू वाचून दाखवणार होतीस. तो तसाच आहे.

नवा जोड करून बघतो आहे. उंच बाशिंग नको, बुटकं नको, मग काय? आधी दोन्ही नवऱ्याच्या साच्यातून कापली. वनिता म्हणाली, 'हे दोघं घोड्यावर बसून एकमेकांना आणायला चाललेत.' मग दोन्ही नवरीच्या साच्यातून कापली. ती दिसायला गोड झाली, पण मोत्यांच्या लडी लावलेली प्रिया डोळ्यांपुढे आणली आणि वाटलं, ही पोरगी हे बांधण्यापेक्षा, दुरुस्तीला चढते तशी, लिफ्टच्या वर चढून बसेल आणि खाली येणार नाही. दोन्ही जोड बाजूला ठेवले. खळ वाया गेली. चांगली मैद्याची खळ होती, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली.

मी प्रियाला भेटायला जावं असं मनात आहे. जाऊ का? तू नको म्हणालीस तर जाणार नाही. पण तू काही म्हणणारच नसशील तर जाईन.

चांगोनाना

*

कर्जत,
१२ जानेवारी २०२५

चि. उझमास आशीर्वाद.

जाऊन आलो. आता रागाव.

शेअर रिक्षानं नेरळला गेलो. तिचं काम चालू आहे ती नवीन इमारत सापडेना, सगळ्या सारख्याच, सगळ्यांवर पिवळा रंग. एका वॉचमनला विचारलं, 'लिफ्ट दुरुस्त करणारी प्रिया कुठं भेटेल?' तो म्हणाला, 'सातव्या मजल्यावर अडकल्ये.' मी जिन्याकडे धावलोच. मग म्हणाला, 'ती नाय ओ बाबा, लिफ्ट अडकल्ये. ती काढते हाय.'

खाली बसून राहिलो. ती आली, हाताला ग्रीस, कानामागे पेचकस. मला बघून म्हणाली, 'नाना! तुमी कशाला आलात एवढ्या उन्हाचे? फोन करायचा ना!'

मी म्हटलं, 'फोनवर माफी मागता येत नाय मला.'

'कसली माफी?'

'तुझं कपाळ मापलं त्याची.'

ती पायरीवर बसली. चिंधीनं हात पुसत राहिली. मग म्हणाली, 'नाना, तुमचा राग नाय आला मला. तुमी काय, समोर येईल त्याचं कपाळ मापता. त्या वॉचमनचं पण मापलं असतंत.'

खरं सांगतो, वॉचमनचं कपाळ मी बघितलं होतं. मोठं आहे.

'मग कसला राग, पोरी?'

'उझमा हसली.'

मी म्हणालो, सगळेच हसले होते.

'सगळ्यांचं काय नाय ओ. आमच्या गल्लीत पोरं रोज हसतात. मी गाडी लावली की म्हणतात, आला बघा नवरा. त्याची सवय हाय मला. पण ही हसली नाना. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच हसली. आणि मग जिन्यात जाऊन तुमच्यावर वसकली. म्हणजे चूक कोणाची, म्हाताऱ्याची!'

उझमा, मी तुझी बाजू घेतली. मी म्हटलं, 'आयशाचा मोबाइल चालू होता. ती घाबरली असेल. घरी दाखवलं असतं तर?'

प्रिया म्हणाली, 'ते काय मला कळत नाय? कळतं. म्हणून तर गप बसले. पण नंतर तरी एक फोन? कोल्हापूरला निघाली ते मला नदीमकडून कळलं.'

'तिला लाज वाटत असेल.'

'मग लाज वाटते असा फोन करायचा.'

ह्याचं उत्तर ती माझ्याकडे मागतच नव्हती. तुझ्याकडे असेल तर बघ. पोरी, तू मला जिन्यात बोललीस ते मी सोसलं आणि पुढंही सोसेन, मी काय, माझं कपाळ मोठं आहे. पण त्यातला थोडा दोष तू मला दिलास तो माझा नव्हता. हे मी रागानं लिहीत नाही. ज्याचं त्याला पोचवावं एवढंच.

मग मी तिला सांगितलं की मी नवा जोड करतोय. ती म्हणाली, 'बाहुल्यांसाठी?'

मी म्हटलं, 'बाहुल्यांसाठीच.'

'मग मगाधरनं माझ्या कपाळाकडं काय बघताय?'

मी खाली बघितलं. ती हसली. ते हसणं मला फार दिवसांनी ऐकायला मिळालं. म्हणाली, 'मापायचंच तर नीट मापा. बोटांनी नको.' आणि डब्याच्या पिशवीतून तिचं भरतकाम काढलं. जेवणाच्या सुट्टीत भरते. त्यातली लाल दोऱ्याची गुंडी माझ्या हातात दिली. मी दोरा तिच्या कपाळावरून मागे नेला, तिनं स्वतः गाठ मारली. तिथं येणारे-जाणारे बघत होते. तिनं कोणाकडे बघितलं नाही.

गुंडी परत घेईना. म्हणाली, 'राहू दे. तिचं पण माप लागेल ना तुमाला.'

हे शब्द तिचे आहेत, माझ्या पदरचा एकही नाही.

माझं आता ठरलं आहे. दोन्ही साचे माळ्यावर टाकले. ज्याचं त्याचं कपाळ मापून करायचं. त्या गुंडीतला दोरा ह्या पत्रासोबत पाठवत आहे.

चांगोनाना

*

कर्जत,
१३ जानेवारी २०२५

चि. उझमास आशीर्वाद.

काल पाकीट पेटीत टाकून घरी आलो तर दोरा पाटावरच पडलेला! सगळं लिहिलं, पाकीट खळीनं चिकटवलं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं तेच आत घातलं नाही. पोस्टात जाऊन पेटी उघडून द्या म्हटलं, ते म्हणाले, आजोबा, असं करता येत नाही. म्हणून हे दुसरं. दोन्ही एकाच दिवशी मिळतील किंवा हेच आधी मिळेल. हे आधी मिळालं तर ते येईपर्यंत थांब, मग हे वाच. तोवर तू हे वाचलेलंच असेल म्हणा.

दोरा आता घातला आहे. दोन वेळा बघितलं. आहे.

प्रियाच्या बाशिंगाला मी सुरुवात केली. पुठ्ठा हातानंच आखला. उंची किती ठेवू म्हणून तिला फोन केला, तर म्हणाली, 'हेल्मेटच्या आत बसंल एवढी.' चेष्टा करते की खरं, कळत नाही, पण मी तेवढीच ठेवली. मोती नको म्हणाली, टिकल्या चालतील म्हणाली. तुझं काय ते तू सांग. तुमच्याकडच्या लग्नांचे सेहरे माझ्याच दुकानातून जातात, तुझ्या भावाचाही मीच केला होता, तेव्हा सेहरा हवा असेल तर तोही येतो मला. लडी लांब हव्यात की आखूड, पांढरा मोती की सोनेरी, सगळं तुझ्या मनासारखं. एक सेहरा आणि एक बाशिंग असा जोड आमच्या बाजारात कोणी केला नसेल, पण केला म्हणून माझा परवाना कोणी काढून घेणार नाही. मला परवानाच नाही.

हे करून मी कपाटात ठेवणार. कधी बांधायचं, बांधायचं की नाही, कोणासमोर, ते तुम्ही दोघी बघा. तुझ्या घरच्यांचा विचार माझ्याही मनात येतो. येतो म्हणजे सारखाच येतो. काळजी करायचं काम तू माझ्यावर सोड, त्यात मी तरबेज आहे. तुला फक्त कपाळ द्यायचं आहे.

दोरा भुवयांच्या वर, केसांच्या खाली धर. ताणू नकोस, माणूस हसला की कपाळ पसरतं, तेवढी जागा ठेव. मागे गाठ मार आणि उरलेला दोरा कापू नकोस. आत माझ्या नावाचं, तिकीट लावलेलं पाकीट आहे, त्यात घाल. पत्र लिहायला जमत नसेल, शब्द सुचत नसतील, तर कोरा दोरा आला तरी मला पुरेल.

प्रियाला पुरणार नाही. तिला फोनच कर, आणि माझ्या दोऱ्याच्या आधी कर. काय बोलायचं ते सुचलं नाही तर नुसती लाज वाटते म्हण, तिनं स्वतःच तसं सांगितलंय. ती जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसलेली असते, तेव्हा हात पुसलेले असतात आणि फोन उचलते.

केलास की मलाही कळव. वनिताच्या मोबाइलवर 'केला' एवढं टाकलंस तरी चालेल, ती मला चार वेळा वाचून दाखवेल. पण लवकर टाक, पोरी. ह्या वेळी उशीर करू नकोस.

तुझी वाट बघणारा,
चांगोनाना